झिंग्यांची गाडी

शादाबच्या गाडीचा गिअर जऊळक्याच्या अलीकडे पडायचा बंद झाला, तेव्हा मे महिन्यातलं सकाळचं ऊन चटका द्यायला लागलं होतं. नशीब, रस्त्याला उतार होता. गाडी त्यानं तशीच घरंगळत आणली आणि रस्त्याच्या कडेला चहाची एक टपरी होती, तिच्या शेजारच्या कडुनिंबाखाली उभी केली. इंजिन बंद केलं. तरी गाडी गप्प झाली नाही. मागच्या पांढऱ्या पेटीच्या कपाळावर बसवलेलं थंडीचं युनिट आपल्या वेगळ्या इंजिनावर घरघरत राहिलं. ते बंद करायचं नसतं. पेटीत समुद्राची कोळंबी होती, खोक्यांवर खोकी, दगडासारखी गोठलेली.

माल किनाऱ्यावरच्या कारखान्यातून निघून नागपूरला जायचा होता. पेटीच्या दाराला कंपनीचं सील होतं. नखाएवढी निळी प्लॅस्टिकची गुंडी आणि तिच्यातून ओवलेली बारीक तार. माल ज्याच्या नावाचा, त्यानंच ते तोडायचं. ड्रायव्हरनं गाडी चालवायची आणि युनिटवरचा आकडा उणे अठराच्या वर चढू द्यायचा नाही, बस.

शादाब मंगरूळपीरचा. जिथं गाडी बसली तिथून शेलूबाजारमार्गे एसटीनं तासा-दीड तासात घर. बरीच वर्षं ट्रक चालवत होता, पण थंड गाडीवर यंदाच लागला होता. गाडीचा मालक तिकडं पनवेलला. त्याला सगळे शेठ म्हणत. शादाबनं फोन लावला.

"मेकॅनिक पाठवतो," शेठ म्हणाला. "युनिट चालू आहे ना? आकड्याचा फोटो टाक. दर दोन तासांनी टाकत राहा. आणि गाडी सोडून कुठं जायचं नाही."

"नाही जात शेठ."

त्याला वाटलं होतं, संध्याकाळपर्यंत निघू.

टपरी कस्तुराबाईची होती. मागची जागा, त्यातला कडब्याचा ढीग आणि पलीकडचं वावर तिच्या नवऱ्याचं, भाऊसिंगचं. भाऊसिंग साठीचा, उंच, वाकलेला. तांड्यातून रोज सकाळी बायकोसोबत इथं यायचा आणि दिवसभर बाजेवर बसून रस्ता पाहायचा. आपल्या जागेत एवढी मोठी गाडी आलेली पाहून तो उठून आला.

"काय भरलं हाय?"

"झिंगे हायेत काका."

"झिंगे? इतकी मोठी गाडी झिंग्यायची?"

"समुद्राचे. मोठमोठे असतात, बोटायएवढे."

कस्तुराबाई गाळणी हातात धरून पुढं आली. "आमच्या नदीचे झिंगे तं मुठीत मावतात ढीगभर. दाखव बरं एखांदा."

"दाराले सील हाय काकी. मले बी दाखोले नाई कोणी."

यावर ती हसली आणि तिनं त्याला चहा दिला.

मालेगावहून मेकॅनिक आला. गाडीखाली झोपला, बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, गिअरबॉक्स खाली घ्यावा लागेल, गाडी ओढून न्यावी लागेल. शेठ म्हणाला, थांब, सांगतो. तो सांगायला दुसरा दिवस उजाडला, आणि सांगितलं ते वेगळंच. नागपूरच्या पार्टीनं माल घेत नाही म्हटलं होतं. त्यांचा लग्नाचा कार्यक्रम होता, तो दुसऱ्याकडून माल घेऊन उरकला. आता कंपनी म्हणते माल तुमच्या गाडीत आहे, तुमचा तुम्ही बघा. शेठ म्हणतो माल उत्तम आहे, तुमचा तुम्ही उचला.

"मंग मी काय करू शेठ?"

"तू काही करायचं नाही. विम्याचा माणूस येऊन बघेल. तोवर युनिट चालू ठेव. पंपवाल्याशी मी बोलतो, डिझेल आणून टाकत जा. आणि सीलला हात लावायचा नाही, शादाब. तार तुटली की माल चोरला असं होतं. चोर तू ठरशील, मी नाही. मागच्या साली एक जण गाडी सोडून गेला होता. अजून कोर्टाच्या तारखा खातोय."

शादाबनं सीलकडं पाहिलं. ती गुंडी कडुनिंबाच्या लिंबोळीपेक्षा मोठी नव्हती.

मग त्याचे दिवस एकसारखे जायला लागले. केबिनमध्ये बसवत नव्हतं, पत्रा भाजायचा. गाडीखाली सावलीत पडावं तर डांबराची झळ. पेटीला पाठ टेकली तर बाहेरून तीही तापलेली. आत हाड गोठेल एवढी थंडी आणि मधे वीतभर भिंत. युनिटचा आवाज त्याच्या कानात इतका बसला की हापशीवर आंघोळीला गेला तरी तो आवाज ऐकू येतोय का हे तो आधी पाहायचा. दोन तास होत आले की आपोआप उठायचा, चाकावर पाय ठेवून वर चढायचा, आकड्याचा फोटो काढायचा, पाठवायचा. शेठकडून कधी अंगठा यायचा, कधी काहीच नाही.

"तुह्यं लेकरू आजारी हाय का त्या पेटीत?" कस्तुराबाईनं एकदा विचारलं. "दर घडीले ताप पाह्यतं."

शादाब हसला नाही. त्याच्या मनात शुक्रवार होता.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर त्याच्या बहिणीचा, नमराचा, निकाह होता. वडील नव्हते. वडिलांच्या जागी त्यानंच उभं राहायचं होतं. पोरगी त्याच्या हातानं द्यायची होती. मुलगा इंझोरीचा, तिथं त्याचं कापडाचं दुकान होतं. स्थळ शादाबनंच पाहिलं होतं. गाडी नागपुरात खाली करून दोन दिवस आधी घरी पोचायचं, असा हिशेब त्यानं बांधला होता. अम्मीचे फोन यायला लागले. मंडप पडला. हळद झाली. अम्मीला गिअरबॉक्सचं समजत होतं, सीलचं समजत नव्हतं.

"अरे, चोर येते का तठी? कोणाले तं बसव."

बायकोचा, मेहरुन्निसाचा, फोन आला तेव्हा ती फक्त एवढंच म्हणाली, "नमरा सकाळधरनं विचारून राह्यली, भाईजान निंघाले का. मी हो म्हणून देल्लं."

शुक्रवारी सकाळी भाऊसिंगनंच विषय काढला. "जा ना बावा. बहिणीचं लगन हाय. मी अठी बसतो, गाडी कोठी पळून जाते?"

"फोटो पाठवा लागते काका, आकड्याचा."

"मले नाई येत, पण कस्तुराले येते. तिच्याजवळ तुह्यासारखाच फोन हाय. नातवानं देल्ला."

"मी चढते चाकावर," कस्तुराबाई म्हणाली. "तुह्या फोनवर धाडीन, तू पुढं धाड. शेठले काय समजते कोणाचं बोट हाय ते?"

शादाबनं हापशीवर आंघोळ केली. पिशवीतला पांढरा कुर्ता काढला, तो चुरगळला होता. कस्तुराबाईनं चहाच्या गरम पातेल्याचं बूड फिरवून तो सरळ करून दिला. एसटी आली. खिडकीजवळ बसून त्यानं मागं वळून गाडीकडं पाहिलं, आणि मग कितीतरी दिवसांत पहिल्यांदा त्याच्या कानातला तो आवाज थांबला. कस्तुराबाईचा पहिला फोटो आला. आकडा थोडा वाकडा होता, पण दिसत होता. त्यानं तो शेठला पाठवला. अम्मीला सांगितलं, निंघालो.

शेलूबाजारच्या स्टँडवर एसटी थांबली, तसं त्यानं अम्मीला कळवलं, आणि तेवढ्यात शेठचा फोन आला.

"व्हिडिओ कॉल कर. कंपनीचा साहेब बसलाय इथं. त्याला सील आणि आकडा दोन्ही लाइव्ह बघायचंय."

"शेठ, नेटवर्क नाई अठी..."

"सकाळपासून फोटो जातायत आणि आता नेटवर्क नाही? कुठं आहेस तू?"

 मागं कंडक्टर घंटी द्यायला उभा होता.

"अर्ध्या तासात सील दिसलं पाहिजे. नाहीतर ड्रायव्हर माल सोडून पळाला अशी मी आत्ता तक्रार लिहितो. साहेबासमोरच लिहितो."

शादाब उठला. दरवाजाशी गेला, परत सीटपर्यंत आला, पिशवी उचलली. कंडक्टर म्हणाला, "मंगरूळचं तिकीट हाय ना तुह्यं?" तो खाली उतरला. एसटी निघून गेली. त्यानं एका पिकअपवाल्याला हात दिला आणि उभ्यानं, मागं पाइप धरून, जऊळक्याकडं परतला.

गाडीजवळ पोचला तेव्हा त्याच्या पांढऱ्या कुर्त्यावर लोखंडाचा गंज लागला होता. त्यानं व्हिडिओ कॉल लावला. आधी सील दाखवलं, मग चाकावर चढून आकडा. कंपनीचा साहेब काहीतरी खात होता. "हां, ठीक आहे," तो म्हणाला आणि बाजूला झाला. कॉल बंद झाला. मिनिटभरही झालं नसेल.

मग तो केबिनमध्ये जाऊन बसला. मशिदीत आता नमाज सुटली असेल. आता लोक मंडपाकडं निघाले असतील. बऱ्याच वेळानं मेहरुन्निसाचा मेसेज आला. झालं. सादिकचाचांनी दिलं पोरीला. शादाबनं काच वर केली, एवढ्या उन्हात, आणि डोकं स्टिअरिंगवर टेकवलं. कस्तुराबाई चहा घेऊन आली होती. काच वर जाताना पाहून ती तशीच परत गेली.

संध्याकाळी भाऊसिंग बाज ओढून गाडीजवळ घेऊन आला.

"आमी उसतोडीले गेल्तो एकदा," तो म्हणाला. "कस्तुरा नवीनच व्हती घरात. तिकडं खाली, कारखान्यावर. सीझन सरला, बाकीच्या टोळ्या निंघून गेल्या, आमाले मुकादम म्हणे, अजून पंधरा दिस. मंग अजून पंधरा दिस. काम बी नाई, जाऊ बी देत नाई. कोपीले कुलूप नोतं. कुलूप कायचं, दारच नोतं, पाचटाची कोपी ते! तरी बसून राह्यलो आमी. दहा-बारा जोडपे. रोज सकायी उठून मुकादम काय म्हणते ते पाह्याचं."

"मंग?"

"मंग हिनं एक दिवस भांडे बांधले अन् चालाले लागली. मी मांगंमांगं."

"अन् काई झालं नाई?"

"झालं ना. फाट्यावर गाठलं त्यानं. मारलं मले." भाऊसिंगनं उजवा हात पुढं केला. करंगळी वाकडी होती, सरळ होत नव्हती. "पण घरी आलो."

शादाब त्या करंगळीकडं पाहत राहिला. त्याला वाटलं, काका खोटं बोलले असते, काही झालं नाही म्हणाले असते, तर सोपं गेलं असतं.

त्यानंतर एक-दोन दिवसांनी दुपारी युनिट बंद पडलं. आधी एक कर्कश आवाज आला, मग फटकारा, मग शांतता. पट्टा तुटला होता. इतके दिवस त्या आवाजानं त्याला झोपू दिलं नव्हतं, आणि आता ती शांतता ऐकून तो धावत चाकावर चढला. मेकॅनिक येऊन बघून गेला. म्हणाला, हा पट्टा आपल्याकडं मिळत नाही, कंपनीतून मागवा. शादाबनं तुटलेल्या पट्ट्याचा फोटो पाठवला. आकड्याचा पाठवला. उणे पंधरा. उणे अकरा. फोटो शेठनं पाहिल्याच्या निळ्या खुणा यायच्या, उत्तर नाही. फोन लावला तर वाजून वाजून बंद व्हायचा. शेवटी आकडासुद्धा विझला, कारण युनिटची बॅटरी उतरली.

कस्तुराबाई तेव्हा पदर खोचून त्याच्यासमोर उभी राहिली.

"आयक माह्यं. अजून चांगले हायेत झिंगे. आत बरफ हाय. आजच्या आज वाटून टाक. अठी गाव हाय, तांडा हाय, जऊळक्यातून लोक येतीन. लेकरं खातीन, तुले दुवा देतीन. परवा कुत्रं बी तोंड नाई लावणार."

"सील हाय काकी."

"मले दिसते सील हाय!"

"तार तुटली की चोर ठरतो मी."

"अन् सडू देल्लं तं? तं कोण ठरतं तू?"

शादाबनं टूलबॉक्समधून पक्कड काढली. मागच्या दाराशी जाऊन उभा राहिला. भाऊसिंग बाजेवरून उठला. रस्त्यावरून जाणारा एक दूधवाला गाडी थांबवून पाहायला लागला. शादाबनं पक्कड तारेवर ठेवली. दाबायची तेवढी बाकी होती. त्याच्या डोळ्यांपुढं कोर्टाचा व्हरांडा आला, त्यात बाकावर बसलेली अम्मी आली, नमराच्या सासरी कोणीतरी सांगतंय, पोरीचा भाऊ मालाच्या चोरीत आहे, हे आलं. लग्नाला आठवडा झाला नाही आणि भाऊ चोर.  त्यानं पक्कड काढून घेतली.

"उद्या शेठ फोन उचलन," तो म्हणाला. "उद्या पाहू."

कस्तुराबाई टपरीकडं गेली.

शेठनं फोन उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पेटीच्या दाराखालून पाणी पाझरायला लागलं. आधी साधं, मग गुलाबी, मग मातकट. त्यावर माश्या आल्या. मग वास आला. पहिल्यांदा तो वाऱ्याबरोबर यायचा आणि जायचा. नंतर तो गेलाच नाही. कुत्री गाडीखाली येऊन चाटायची, शादाब दगड मारून हाकलायचा, ती पुन्हा यायची. ट्रकवाले टपरीपुढं गाडी हळू करायचे, नाक दाबून पुढं निघून जायचे. दूधवाला चहाला थांबायचा बंद झाला. एक दिवस तर सकाळपासून कस्तुराबाईचं दूध तसंच पातेल्यात राहिलं आणि संध्याकाळी नासलं.

त्या दिवशी तिनं बरण्या, पातेली, शेगडी हातगाडीवर चढवली आणि रस्त्याच्या पलीकडं, बऱ्याच अंतरावर, उन्हात नेऊन मांडली. तिथं झाड नव्हतं. शादाब मदतीला धावला तर म्हणाली, "राहू दे, तुह्या हाताचा वास येईन बरण्याले." रागानं नाही म्हणाली. म्हणूनच त्याला ते जास्त लागलं. एवढ्या दिवसांत तिनं त्याला दोन वेळच्या भाकरी दिल्या होत्या.

गावातली चार माणसं आली. शिव्या दिल्या नाहीत त्यांनी. पाऊस पडला तर हे पाणी नाल्यात जाईल, नाला विहिरीजवळून जातो, एवढं समजावून सांगितलं. "गाडी हालव," म्हणाले. "हालत नाई," शादाब म्हणाला. "मंग माल काढ." "सील हाय." ते एकमेकांकडं पाहायला लागले. त्यातला एक सीलजवळ गेला, वाकून पाहिलं, परत आला आणि म्हणाला, "एवढंसंच हाय ते?"

नंतरच्या एसटीनं मेहरुन्निसा आली. तिनं कळवलं नव्हतं. हातात डबा होता, लग्नात केला होता तसाच गोड भात आणि घरची रोटी. बसमधून उतरताच वास तिच्या तोंडावर आला आणि ती जागच्या जागी थांबली. मग ओढणी नाकाला लावून पुढं आली. शादाबची दाढी वाढली होती, डोळे आत गेले होते, अंगावर तोच कुर्ता, आता पांढरा न राहिलेला. तिनं डबा केबिनच्या पायरीवर ठेवला आणि गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारली. कुठं साखळी आहे, कुठं कोण उभं आहे, असं काही शोधत असल्यासारखी. परत त्याच्यासमोर आली.

"तुमाले बांधलं का कोणी?"

"नाई."

"मंग?"

त्यानं सगळं सांगितलं. सील, केस, कंपनी, विम्याचा माणूस. बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं की हे सगळं आपण एकाच दमात, पाठ केल्यासारखं बोलतोय. मेहरुन्निसा ऐकत होती. मधेच तिनं विचारलं, "अन् ते काकी, ज्यायनं तुमाले जेवू घातलं, त्या कोठी हायेत?" त्यानं रस्त्यापलीकडं बोट दाखवलं. उन्हात, ओढणीएवढ्या फडक्याच्या सावलीत, कस्तुराबाई शेगडीला वारा घालत होती. समोर गिऱ्हाईक नव्हतं.

मेहरुन्निसा बराच वेळ तिकडं पाहत राहिली.

"केस झाली तं होऊ द्या," ती म्हणाली. "मी येईन पेशीले. अम्मीले मी सांगीन, नमराच्या सासरी बी मी सांगीन. पण आता उघडा ते. मी व्हिडिओ काढते, म्हणजे कोणी म्हणणार नाई का तुमी नेलं."

शादाबनं पक्कड आणली, पण तिची गरज पडली नाही. उन्हानं ती निळी गुंडी इतकी ठिसूळ होऊन गेली होती की हातानं ओढताच तार निसटून आली. तो ती तार बोटांत धरून उभा राहिला.  दार उघडलं तेव्हा आतली वाफ अंगावर आली आणि तो बाजूला जाऊन ओकला.

भाऊसिंगच्या वावराच्या बांधाजवळ मुरूम काढून पडलेला मोठा खड्डा होता, नाल्यापासून दूर. तो म्हणाला, तठी टाका. त्यानं तांड्यातून ट्रॉलीसकट ट्रॅक्टर आणला, गावातल्या त्या चार माणसांपैकी दोघं चुन्याची पोती घेऊन आले. तोंडाला फडकी बांधून शादाब आणि भाऊसिंग खोकी ओढत होते. पुठ्ठे हातात घेताच फाटायचे, आतलं पायांवर सांडायचं. मेहरुन्निसा फोन धरून उभी होती, मधेमधे तोंड फिरवत होती. नंतर कस्तुराबाईही रस्ता ओलांडून आली, पदर तोंडाला बांधला आणि फावडं उचललं.

पेटीच्या अगदी मधोमध, सगळ्या बाजूंनी खोक्यांनी झाकलेला एक थर निघाला. तिथली खोकी कोरडी होती. शादाबनं एक उचललं तर ते जड आणि थंड लागलं. उघडलं. आत बर्फाच्या कवचात कोळंबी होती, पारदर्शी राखाडी, शेपट्या पंख्यासारख्या पसरलेल्या, बोटाएवढी, नुकती समुद्रातून काढल्यासारखी. कस्तुराबाईनं वाकून पाहिलं.

"हे होय का ते," ती म्हणाली. "लय साजरे हायेत बाप्पा."

 खाण्याचं धाडस कोणालाच नव्हतं. शादाबनं ते खोकं दोन्ही हातांनी छातीशी धरलं. इतक्या दिवसांच्या उन्हानंतर पहिल्यांदा त्याच्या अंगाला थंडावा लागला. मग त्यानं तेही ट्रॉलीत टाकलं.

खड्डा बुजला तोवर दिवस कलला होता. शादाबनं शेठला फोन लावला. नेहमीसारखा वाजून बंद झाला. मेहरुन्निसानं आपल्या फोनवरून लावला. नंबर अनोळखी. शेठनं लगेच उचलला.

"शेठ, मी शादाब. सील तोडलं मी. माल सडला होता. गावच्या लोकायसमोर पुरला. व्हिडिओ हाय."  "काय करायची ती केस करा."



"अरे, केस कशाची?" शेठ म्हणाला. "ते तर मिटलं. कंपनीनं माल सोडून दिला. विम्याचा माणूस नाही यायचा आता."

"कधी?"

"युनिट बंद पडलं ना, तू फोटो टाकलास, त्याच दिवशी. तोच फोटो दाखवला त्यांना. म्हणाले, खलास, टाकून द्या." मागं कोणाशी तरी तो बोलला, मग परत फोनवर आला. "तुला सांगायचं राहून गेलं रे. गाडी ओढायला क्रेन पाठवतो एक-दोन दिवसांत. किल्ली कोणाकडं तरी ठेव."

शादाबनं फोन मेहरुन्निसाच्या हातात दिला. ती विचारत राहिली काय म्हणाला, काय म्हणाला. ज्या दिवशी आकडा उणे अकरावर होता, ज्या दिवशी त्यानं तारेवर पक्कड ठेवली होती, त्या दिवशी माल कोणाचाच नव्हता. कस्तुराबाई हापशीवर हात धूत होती. तिला सांगावं म्हणून तो उठला, दोन पावलं गेला आणि थांबला. तिला ते त्यानं कधीच सांगितलं नाही. मेहरुन्निसाला सांगितलं, एसटीत, मंगरूळ यायच्या जरा आधी, खिडकीबाहेर पाहत.

किल्ली भाऊसिंगकडं ठेवली होती. क्रेन सांगितल्यापेक्षा कितीतरी उशिरा आली, असं त्यानं नंतर फोनवर कळवलं. कस्तुराबाईची टपरी रस्त्यापलीकडंच राहिली. वास गेला तरी गिऱ्हाईक त्या कडुनिंबाखाली थांबेना.

अम्मी काही दिवस शादाबशी बोलली नाही, मग बोलायला लागली. त्यानं ती नोकरी सोडली आणि मंगरूळातच एका बियाण्याच्या दुकानाचा छोटा टेम्पो धरला. पावसाळा लागायच्या आधी एका रविवारी तो इंझोरीला नमराकडं गेला. मिठाई नेली होती. तिच्या सासऱ्यानं अगत्यानं बसवलं, जावई दुकानातून उठून आला. कोणी काही विचारलं नाही. मग सगळे आत-बाहेर गेले आणि बैठकीत दोघंच उरली.

नमरानं सरबताचा गिलास त्याच्यापुढं ठेवला.

"त्या दिवशी काझी साहेब आले," ती म्हणाली, "अन् चाचा म्हणले, थोडं थांबा, पोरीचा भाई रस्त्यात हाय, शेलूबाजारपर्यंत आला. तं सगळे थांबले, भाईजान. लय वेळ थांबले. जेवण थंड होऊन राह्यलं तरी थांबले."

शादाबनं मान खाली घातली. "मी उतरलो व्हतो तठी," तो म्हणाला. "बसमधून."

"मालूम हाय. भाभीनं सांगितलं." ती त्याच्या शेजारी येऊन बसली. बांगड्या नवीन होत्या, जरा मोठ्या, सारख्या मनगटावरून खाली येत होत्या. ती त्या वर सारत राहिली. "मले एवढंच सांगा. तवा बसमधून उतरताना तुमाले वाटलं असन ना, का जाऊ दे ती गाडी, लग्नालेच जावं?"

"वाटलं," तो म्हणाला. "बस निंघून गेल्यावर."

तिनं बांगड्या पुन्हा वर सारल्या. आतून सासूनं हाक मारली, पाव्हण्याला जेवू घालूनच पाठव म्हणून. नमरा उठली. शादाबनं सरबत संपवलं, आणि मग, कोणी न सांगता, बूट काढून आत जाऊन हात धुतले आणि तो जेवायला अंथरलेल्या दस्तरखानाशी बसला.